वाहनाहून मोठें ओझें

छत्रपति संभाजीनगरापासून सुमारें ३० किलोमीटरांवर वेरूळ आहे. तेथील कैलास लेणें राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळांत, म्हणजे आठव्या शतकांत, कोरलें गेलें असें इतिहासकार मानतात. शिल्पकारांनीं डोंगर माथ्यापासून पायथ्याकडे कोरीत नेला. मंदिर एवढें प्रचंड, पण त्याचा एकही खांब दुसरीकडून आणावा लागला नाहीं. खडक जेथें होता तेथेंच देऊळ झालें. हलवावा लागला तो फक्त नको असलेला दगड. मोठी वस्तु घडविण्याचा हा एक मार्ग होय.

दुसरा मार्गहि या मुलखानें पाहिला आहे. अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, येथें १५४९ सालीं महंमद बिन हसन रूमी या कारागिरानें निजामशाहीसाठीं 'मुलूख मैदान' ही तोफ ओतली. तिचें वजन सुमारें ५५ टन आहे. पुढें ती परांड्याच्या किल्ल्यावर होती व १६३२ सालीं तेथून विजापुरास नेण्यांत आली. त्या कामीं चारशें बैल, दहा हत्ती आणि शेंकडों माणसें लागलीं असें सांगतात. ओतणाऱ्याचें नांव तोफेवरच कोरलेलें आहे. बैल हांकणाऱ्यांचीं नांवें मात्र कोठेंच कोरलेलीं नाहींत.

एके ठिकाणीं घडवावें आणि दुसऱ्या ठिकाणीं न्यावें, हाच प्रश्न विसाव्या शतकांत विमानें व अग्निबाण बांधणाऱ्यांपुढें उभा राहिला. त्याचें एक विलक्षण उत्तर नोव्हेंबर २०२२ मध्यें मुंबईकरांच्या दृष्टीस पडलें. त्या महिन्यांत मुंबईच्या विमानतळावर 'बेलुगा' नांवाचें मालवाहू विमान उतरलें. बेलुगा हा उत्तरेच्या थंड समुद्रांतला पांढरा देवमासा. या विमानाचें कपाळ त्या माशासारखेंच फुगलेलें असतें. विमानापेक्षां त्याची पाठच मोठी, असें पाहणारास वाटावें! हें रूप कोणा चित्रकाराच्या लहरीनें आलेलें नाहीं; तें ओझ्याच्या आकारावरून ठरलें आहे.

येथें भार आणि आकार यांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. मराठवाड्यांत कापसाची गाडी कोणी पाहिली नाहीं? गाडी दिसेनाशी होईल एवढा कापूस तिच्यावर चढविलेला असतो, तरी बैल ती ओढून नेतात. तेवढाच दगड भरला तर आंस मोडेल. मुलूख मैदान हें दगडाच्या गाडीचें ओझें होतें: लांबी अवघी साडेचार मीटरांच्या आसपास, पण भार भयंकर. विमानाचा पंख किंवा धड हें कापसाच्या गाडीचें ओझें. आकाराच्या मानानें तें हलकेंच, पण सांठवावयास कोठें जागा पुरत नाहीं. रेल्वेच्या बोगद्यांतून तें जात नाहीं आणि रस्त्याच्या वळणावर तें अडतें. बेलुगा ४७ टन माल नेऊं शकतें. म्हणजे मुलूख मैदान तिला पेलली नसती! परंतु तिची कोठी ७ मीटरांहून रुंद व ३७ मीटरांहून लांब आहे. तिची खरी किंमत त्या पोकळींत आहे.

या कल्पनेचा उगम अमेरिकेंत झाला. चंद्रावर जाण्याच्या तयारीसाठीं बांधलेल्या सॅटर्न अग्निबाणाचे भाग कॅलिफोर्नियांत तयार होत आणि उड्डाण व्हावयाचें तें फ्लॉरिडांत. त्यांतील एका भागाचा व्यास सुमारें साडेपांच मीटर होता. समुद्रमार्गानें पनामाच्या कालव्यांतून वळसा घालावयाचा, तर कांहीं आठवडे मोडत. जॅक कॉन्रॉय नांवाच्या वैमानिकानें यावर तोड काढली. निकामी होऊं लागलेलीं बोइंग कंपनीचीं जुनीं प्रवासी विमानें घ्यावयाचीं, त्यांतलें एक लांबवावयाचें आणि त्याच्या पाठीवर प्रचंड फुगवटा बसवावयाचा! जाणत्यांनीं हें यंत्र उडणारच नाहीं असें भाकीत केलें. कॉन्रॉयनें आपलें घर गहाण टाकून काम चालू ठेविलें. १९ सप्टेंबर १९६२ रोजीं विमान प्रथम आकाशांत गेलें, तेव्हां अपघात होणारच या समजुतीनें विमानतळावरून पोलिस व अग्निशामक दलास आधींच सूचना गेली होती. विमान सुखरूप उतरलें. डासांच्या अळ्या खाण्यासाठीं आपल्याकडे विहिरींत गप्पी मासे सोडतात. त्या माशाच्या आकारावरून या विमानास 'प्रेग्नंट गप्पी', म्हणजे पोटुशी गप्पी, असें नांव पडलें. १९६५ सालीं त्याहून मोठी 'सुपर गप्पी' निघाली. तिचें तोंडच दाराप्रमाणें एका बाजूस उघडे आणि माल सरळ आंत जाई.

पुढें युरोपांत एअरबस कंपनी उभी राहिली. तिच्या कामाची वांटणी निरनिराळ्या देशांत झाली होती: पंख इंग्लंडच्या बाजूस, धडाचे भाग जर्मनींत, शेपटीचे भाग स्पेनमध्यें आणि जुळणी फ्रान्समधील तुलूज शहरीं. हे भाग आणण्यासाठीं कंपनीनें चार सुपर गप्पी वापरल्या. बोइंगशीं स्पर्धा करणारीं विमानें मूळच्या बोइंग विमानांच्या पाठीवरून गोळा व्हावीं, ही त्या काळची एक गंमतच होती. अखेर १३ सप्टेंबर १९९४ रोजीं एअरबसची स्वतःची बेलुगा उडाली. तिच्यांत वैमानिकांची खोली कोठीच्या तळाहून खालीं बसविली, त्यामुळें पुढील दार वर उचलून माल थेट आंत घेतां येऊं लागला. अशा पांच बेलुगा बांधल्या गेल्या. २०१८ सालीं त्याहून मोठी बेलुगा एक्सएल उडाली. ती एका मोठ्या विमानाचे दोन्ही पंख एकाच खेपेंत नेते. बोइंगनेंहि २००६ सालीं 'ड्रीमलिफ्टर' उडविली. जपानांत घडलेले पंख ती अमेरिकेस पोंचवूं लागली.

तरीहि आकाशाची मर्यादा संपलीच. एअरबसच्या दुमजली ए-३८० विमानाचे मोठे भाग बेलुगांतहि मावत ना. ते जहाजानें आणीत, मग नदीच्या पडावांतून, आणि शेवटीं सुमारें २४० किलोमीटर रस्त्यानें रात्रीं गांवोगांव हळूहळू सरकत तुलूजला नेत. वाटेंतल्या गांवांचे लोक जागून तो लवाजमा पाहात. परांडा ते विजापूर हा प्रवास कांहींसा असाच झाला असेल.

महाराष्ट्रानें या उद्योगांत हात घातला आहे. नागपूरच्या मिहान येथें टाटा समूहाच्या कारखान्यानें बोइंगच्या ड्रीमलायनर विमानासाठीं तळाच्या तुळया बनविल्या. अशा तुळयांना बेलुगा लागत नाहीं. वाळूज आणि शेंद्रा येथील कारखान्यांचा मालहि साध्या मालमोटारींतून जातो. परंतु उद्यां कोणी येथें विमानाचा पंखच घडवूं म्हटलें, तर पहिला प्रश्न यंत्राचा असणार नाहीं. तो बाहेर कसा न्यावा, हा असेल. कारखान्याची मर्यादा पुष्कळदां रस्त्याची मर्यादा असते.

जुन्या बेलुगांनीं दुसऱ्यांचा अवजड माल वाहण्याचा व्यवसाय २०२२ सालीं आरंभिला. मुंबईचें येणें त्याच सुमाराचें. २०२५ च्या जानेवारींत तो बंद झाला आणि तीं विमानें एकेक करून निवृत्त होऊं लागलीं. त्यांनीं वाहिलेल्या पंखांवर बसून मात्र लक्षावधि प्रवासी आजहि हिंडत आहेत. आपल्या खिडकीबाहेरच्या पंखानें आपल्या आधीं केवढा प्रवास केला, हें त्यांतील फार थोड्यांस ठाऊक असेल.