मार्कंड्याचा दगड, कावेरीची माती

तमिळ शिल्पकलेवर बोलायचे म्हटल्यावर मला आधी आठवले ते आपले मार्कंडा. गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शीजवळ वैनगंगा वळण घेऊन उत्तरेकडे वाहू लागते, तिथे काठावर हा देवळांचा समूह आहे. महाशिवरात्रीला तिथे उसळणारी गर्दी तुम्ही पाहिली असेल. पण मार्कंडेयाला आपला म्हणणारे आणखी एक गाव आहे, तमिळनाडूतले तिरुक्कडैयूर. यमाने टाकलेला फास शिवलिंगासकट मार्कंडेयाभोवती पडला आणि लिंगातून प्रकटलेल्या शिवाने यमाला लाथाडले, ते इथेच, असे तिथले लोक सांगतात. म्हणून साठी पूर्ण झालेली जोडपी तिथे जाऊन पुन्हा लग्न लावतात. माझ्या साठीला अजून अवकाश आहे.

एकच कथा, पण दोन्हीकडच्या कारागिरीचे नशीब वेगळे.

तिकडे सातव्या शतकात पल्लव राजांनी खडक कोरायला घेतले. मामल्लपुरमला दोन अख्ख्या कातळांवर देव, ऋषी, हत्ती, माकडे अशी सृष्टीच उतरवली. त्या गर्दीत एक मांजर तप करीत उभे आहे आणि उंदीर भाविकांसारखे त्याच्याभोवती जमले आहेत! देवांच्या मेळ्यात असा विनोद करणारा शिल्पी मला फार जवळचा वाटतो. पुढे चोळांच्या काळात राजराजाने तंजावरचे बृहदीश्वर मंदिर १०१० मध्ये पूर्ण केले. त्याच देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. चोळांची खरी कमाल मात्र धातूत आहे. मेणाची मूर्ती करायची, तिला मातीचे लेप द्यायचे, तापवून मेण वाहून जाऊ द्यायचे आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. मूर्ती काढताना साचा फुटतो, म्हणून प्रत्येक मूर्ती एकुलती एक. तिरुक्कडैयूरची यमाला तुडवणारी शिवमूर्तीही अशीच धातूची आहे.

त्याच सुमारास वैनगंगेकाठीही छिन्नी चालत होती. १८७३-७४ च्या दौऱ्यात अलेक्झांडर कनिंगहॅम इथे आला आणि त्याला खजुराहो आठवले. भिंतींवर माणसांच्या आकृत्यांच्या रांगा, एकीचा डौल दुसरीत नाही. पण पुढे मुख्य देवळावर वीज पडली, शिखर ढासळले. गोंड राजवटीत डागडुजी झाली, ती साध्या, ओबडधोबड आधारांनी. मला त्या खांबांची चेष्टा करवत नाही. कोसळते छप्पर त्यांनीच तर तोलून धरले. पण ते बघताना कळते की नक्षी कोरणारा हात तोवर इथून गेला होता. अलीकडे २०१५ च्या सुमारास पुरातत्त्व खात्याने जीर्णोद्धार सुरू केला, तोही रखडला.

चंद्रपुरात लालपेठला उघड्यावर पडलेल्या प्रचंड मूर्ती पाहा. दशमुखी दुर्गा सुमारे पंचवीस फूट लांब, आकाशाकडे तोंड करून आडवी. रायप्पा कोमट्याला मोठे देऊळ बांधायचे होते, तो वारला आणि सगळे तसेच राहिले, असे सांगतात. मूर्तिपूजा माझ्या घरात नाही, पण दुर्गेपाशी उभे राहिले की त्या पाथरवटांचा विचार येतो. घडवून घेणारा गेला, मग ते कुठे गेले असतील?

तमिळ मुलखात देऊळ मूर्ती मागत राहिले, म्हणून कारागीर टिकला. कुंभकोणमजवळ स्वामीमलईत स्थपती आजही कावेरीचा गाळ साच्याला वापरतात. मेणात राळ मिसळतात आणि नारळाच्या झावळीच्या पातीला घड्या घालून मूर्तीची मापे ठरवतात. दगडकामाचे शिक्षण देणारे सरकारी विद्यालय मामल्लपुरमला १९५७ मध्ये सुरू झाले.

आपल्याकडे दगड थांबला, मेण थांबले नाही. आपल्या सीमेपलीकडे, जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात ओझा आणि बस्तरात घडवा कारागीर आजही मेण वितळवूनच धातू ओततात. स्वामीमलईची मूर्ती भरीव असते, यांची पोकळ. मातीच्या गाभ्यावर मेणाचे दोरे गुंडाळत ते आकार उभा करतात. आदिलाबादच्या ढोकऱ्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. ओझांचे जुने गिऱ्हाईक म्हणजे गोंड. देव, दिवे, घंटा, दागिने, सगळे ते त्यांच्याकडूनच घडवून घेत आले.