तासाला दोन आणे

आमच्या गिरगावातल्या चाळीत उसनवारीचा कायदा कुठे लिहून ठेवलेला नव्हता. पण तो सर्वांना पाठ होता. वाटीभर साखर नेली, तर परत करताना वाटी शिगोशीग भरायची. पाटा-वरवंटा, जाते, खलबत्ता ही तर सगळ्यांची सामाईक मालमत्ताच म्हणा ना! दिवाळी जवळ आली की चकलीचा एकच सोऱ्या तिन्ही मजले फिरून यायचा, आणि त्याचे कोणी कधी पैसे मागितले नाहीत. अशा या चाळीत माझी आई मात्र एका वस्तूचे भाडे घेत असे. आणि तेही रोख!

ती वस्तू म्हणजे आमचे शिवणाचे यंत्र. दर तासाला दोन आणे. दोरा ज्याचा त्याने आणायचा, सुई मोडली तर भरून द्यायची आणि उठण्यापूर्वी यंत्रात दोन थेंब तेल सोडायचे. मला या प्रकाराची विलक्षण लाज वाटे. आपली आई शेजारधर्म विकते आहे, असे माझ्या बालबुद्धीने ठरवून टाकले होते.

पुढे इतिहास वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले की, भाडे हे या यंत्राच्या पाचवीलाच पुजलेले आहे. आयझॅक सिंगरने अमेरिकेत आपल्या यंत्राचे पेटंट घेतले ते १८५१ साली. यंत्र उत्तम होते. पण किंमत शंभर डॉलरांच्या वर! ती एकरकमी मोजणे साध्या संसारी माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क हा पेशाने वकील. त्याने १८५६ साली एक तोड काढली. थोडी रक्कम आधी घेऊन यंत्र गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायचे, पुढे दरमहा भाडे घ्यायचे आणि ते भाडे किमतीत वळते करायचे. भाडे पुरे फिटले की यंत्र घरचे. हप्तेबंदीची जी पद्धत पुढे जगभर पसरली, तिला या यंत्राने मोठाच हातभार लावला.

हिंदुस्थानात हे यंत्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले. सिंगर कंपनीचा येथील कारभार मुंबईचे पटेल नावाचे एक पारशी गृहस्थ दीर्घकाळ पाहत होते. पुढे १९३०च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनीअरिंग वर्क्सने ‘उषा’ हे देशी यंत्र काढले. यंत्रांच्या हव्यासावर कडक टीका करणाऱ्या गांधीजींनीसुद्धा १९२४ साली रामचंद्रन् या तरुणाशी बोलताना सिंगरच्या यंत्राचा अपवाद केला होता. बायकोला हाताने टाके घालताना पाहून तिचे श्रम वाचावेत म्हणून सिंगरने ते शोधले, अशी त्यांची समजूत होती.

आमच्या घरात यंत्र आले तेही हप्त्यानेच. वडील कारकून. पगारातून हप्ता निघणे कठीण होते, म्हणून आईने दुपारच्या रिकाम्या वेळात यंत्र शेजारणींना द्यायला सुरुवात केली. म्हणजे विकणारा आमच्याकडून हप्ता घेई, आणि आम्ही तो शेजाऱ्यांच्या दोन-दोन आण्यांतून भरत असू. क्लार्कची युक्ती आईने आपल्या परीने एक पायरी खाली आणली होती!

१९५६ साली शेवटचा हप्ता फिटला. वडील म्हणाले, “झालं, यंत्र आता आपलं. यापुढे शेजाऱ्यांकडून एक पै घ्यायची नाही.” आईने सर्वांना तसे सांगून टाकले. मला तर केवढा आनंद झाला!

पण पलीकडच्या बिऱ्हाडातल्या काकू त्या दिवसापासून यायच्याच बंद झाल्या. त्यांच्या यजमानांची गिरणीतली नोकरी गेली होती. झबली-टोपरी शिवून त्या चार पैसे मिळवीत. आठ-दहा दिवस वाट पाहून आईच त्यांच्याकडे गेली. मी तिच्या मागेच होतो.

“वहिनी, यंत्र रिकामं पडलंय. येत का नाही?”

काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “ताई, पैसे देत होते तेव्हा हक्कानं दार वाजवीत होते. फुकट वापरायचं म्हणजे रोज तुमचं तोंड पाहून यायचं. ते नाही हो जमत.”

आई परत आली आणि रात्री वडिलांना म्हणाली, “मी उद्यापासून पुन्हा भाडं घेणार.” वडील रागावले, पण तिने ऐकले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्राची खडखड पुन्हा सुरू झाली.

मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शन सुरू झाले. १९८०च्या दशकात एका रात्रीपुरता व्हिडिओ भाड्याने आणून सारी चाळ वर्गणीत सिनेमे पाहू लागली. पैसा आला आणि शेजारधर्म गेला, असे त्या वेळी कोणी म्हणाले की मला पलीकडच्या काकू आठवत. सोऱ्या वर्षातून एकदा लागतो, त्याचे उपकार जडत नाहीत. पण ज्या वस्तूवर रोजची भाकरी अवलंबून आहे, ती नित्य फुकट घ्यावी लागली तर घेणाऱ्याची मान खाली जाते. ती ताठ राहावी, एवढ्यासाठीच कधी कधी दोन आणे घ्यावे लागतात.

१ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले आणि हिशेबात एक गंमत झाली. दोन आण्यांचे होत साडेबारा नवे पैसे. पण अर्धा पैसा नाण्यांत नव्हता, म्हणून सरकारी कोष्टकात बाराच धरलेले! तेव्हापासून काकू नेमक्या दोन तास बसू लागल्या. उठताना यंत्रात तेल सोडीत आणि फळीवर पंचवीस पैशांचे नवे नाणे ठेवीत. कोणाचा कोणाकडे अर्धा पैसाही राहत नसे.