दम आणि घड्याळ

काशीच्या अहिल्याबाई घाटावर हिवाळ्यातील सायंकाळी मुले चेंडूफळी खेळत असतात. चेंडू गंगेत टोलवणारा बाद, असा त्यांचा आपापसांतला करार. एवढ्याशा कराराने खेळाची रीतच पालटते. मैदानावर वाहवा मिळविणारा फटका येथे आत्मघात ठरतो. आषाढात पाणी चढून पायऱ्या बुडू लागल्या, की करार पुन्हा बदलावा लागतो. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी बांधविलेल्या या घाटावर हा खेळ पाहताना मला आपल्या हुतूतूचा इतिहास आठवतो.

हुतूतू, म्हणजेच कबड्डी, पूर्वी एकाच रीतीने खेळला जात नसे. ‘गामिनी’ प्रकारात बाद झालेला गडी सारा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राही. तेथे सावधपणा हेच शहाणपण. ‘संजीवनी’त प्रतिपक्षाचा गडी टिपला की आपला एक गडी जिवंत होई, तेथे धाडस परवडे. ‘अमर’ प्रकारात बाद गडी मैदानातच राही, मोजले जात ते केवळ गुण. खेळ एक, पण मरणाचा नियम निराळा, म्हणून जगण्याची नीतीही निराळी!

1923 साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम आखून स्पर्धा भरविली. 1938 मध्ये कलकत्त्याच्या भारतीय ऑलिंपिक सामन्यांत खेळ पोहोचला. 1950 साली अखिल भारतीय संघटना निघाली. आजच्या खेळाने संजीवनीचेच तत्त्व स्वीकारले आहे.

मात्र या खेळाचे खरे घड्याळ चढाई करणाऱ्याच्या छातीत होते. दम टिकेल तोवर चढाई. 2014 साली सुरू झालेल्या व्यावसायिक स्पर्धेत चढाईला 30 सेकंदांची मर्यादा आहे. लागोपाठ दोन चढाया निष्फळ गेल्या, तर तिसरीत गुण मिळवावा लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. आघाडीवरचा संघ नुसता वेळ काढी, त्याला पायबंद बसला. पण बचाव करणारेही तिसऱ्या चढाईची वाट पाहत दबा धरून बसू लागले. नियम एक वाट बंद करतो, तेव्हा खेळाडू दुसरी शोधतो.

अमेरिकेतील बेसबॉलचा अनुभव असाच आहे. 2023 मध्ये चेंडू टाकणाऱ्यावर घड्याळ बसविले आणि सामन्याची सरासरी 3 तास 4 मिनिटांवरून सुमारे 2 तास 40 मिनिटांवर आली. रेंगाळून फलंदाजाची एकाग्रता मोडण्याची युक्ती संपली.

खेळ वेगवान झाला, प्रेक्षक वाढले, हे उत्तमच. तरीही दीर्घ दमाची तपश्चर्या केलेल्या गड्याचे काय? ‘कबड्डी’चा उच्चार राहिला, त्याची कसोटी मात्र ओसरली. नियम बदलू नयेत, असे मी म्हणणार नाही. बदलले नसते, तर हुतूतू गावच्या सीमेपलीकडे गेलाच नसता. परंतु घाटावरची मुले गंगेचे पाणी पाहून, स्वतःच्या खेळासाठी, स्वतःच नियम बदलतात. मोठ्यांनी नियम बदलताना तो खेळणाऱ्यासाठी बदलतो आहोत की पाहणाऱ्यासाठी, एवढे तरी स्वतःला विचारावे.