शोभेच्या केळी, थंड हवामानातील : माथेरानची कवदर

फळासाठी नव्हे, तर पानांचा विस्तार व एकूण डौल यांसाठी बागेत लावण्यात येणाऱ्या केळींना उद्यानविद्येत शोभेच्या केळी म्हणतात. त्या मूसा व एन्सेट या दोन प्रजातींतील (कुल-म्यूझेसी, कदली कुल) आहेत. या वनस्पती उष्ण प्रदेशातील असल्याने कडाक्याची थंडी, विशेषतः हिमतुषार, त्यांना सहन होत नाही. त्यामुळे थंड देशांत त्या लावण्याचा इतिहास म्हणजे मुख्यतः त्यांना हिवाळ्यातून जिवंत बाहेर काढण्याच्या उपायांचा इतिहास होय. या इतिहासात सह्याद्रीतील एका केळीला फारसे स्थान मिळालेले नाही. माणसाने जे पुष्कळ खटपटीने साधले ते ही केळ माथेरानच्या कड्यांवर दरवर्षी आपण होऊन करते.

ही केळ म्हणजे कवदर (चवई, चवेणी, रानकेळ, एन्सेट सुपर्बम). सह्याद्रीच्या उतारांवर, कातळांच्या फटींत व ओढ्यांच्या काठच्या दगडगोट्यांत ती आढळते. माथेरानच्या डोंगराखालील कर्जत व खालापूर तालुक्यांत आणि बोरघाटाच्या परिसरात पावसाळ्यात प्रवास करणाऱ्याला कड्यावर उंच चिकटलेली तिची पोपटी पाने सहज ओळखू येतात. पानांच्या आवरकांचे (देठांच्या रुंद तळांचे) बनलेले खोटे खोड आखूड व बुडाशी फुगीर असते. जमिनीलगतच्या जाड घनकंदावर गळून गेलेल्या पानांचे दाट वण दिसतात. फुलोरा लोंबता असून त्याची तपकिरी-तांबूस छदे लवकर गळत नाहीत. फळांत गर थोडा व कठीण, काळपट, मोठ्या बिया पुष्कळ असतात. लागवडीतील केळीशी तुलना करता एक भेद सर्वांत महत्त्वाचा आहे : कवदरीला बुडातून पिले फुटत नाहीत. काही वर्षे वाढून ती एकदाच फुलते, फळे धरते व मरून जाते. तिचा वंश केवळ बियांवर चालतो.

जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस पडला की मृतवत दिसणाऱ्या कंदातून सुरळी वर येते आणि थोड्याच आठवड्यांत पानांचा घेर तयार होतो. पावसाळा संपल्यावर पाने पिवळी पडतात, कडांपासून वाळतात व गळून पडतात. उरतो तो कातळाला धरून बसलेला, बाहेरून वाळका पण आत पाणी व पिष्ठ साठविलेला गड्डा. या स्थितीत तो कित्येक महिने राहतो. माथेरानची उंची सु. ८०० मी. असून तेथे वर्षाकाठी सु. ५०० सेंमी. पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेल्या काळात जांभ्याचा माथा व त्याखालील बेसाल्टचे कडे कोरडे पडतात. तेथील हिवाळ्यात पारा गोठणबिंदूच्या जवळही जात नाही. म्हणजे कवदरीची ही सुप्तावस्था थंडीमुळे नव्हे, कोरडेपणामुळे येते. हा भेद नीट ध्यानी न घेतल्याने बागांमध्ये पुष्कळ रोपे वाया गेली आहेत.

वनस्पतिशास्त्रात या केळीची नोंद विल्यम रॉक्सबर्ग यांनी केली. दक्षिण भारतातील दिंडिगलच्या दऱ्यांतील वनस्पतीवरून त्यांनी १८११ मध्ये तिचे वर्णन ‘मूसा सुपर्बा’ या नावाने प्रसिद्ध केले. ‘सुपर्बा’ म्हणजे भव्य. कोकण व घाटावरील अभ्यासकांनाही ती याच नावाने परिचित होती. टी. कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनश्रीवरील ग्रंथात (१९०१–०८) ती याच नावाखाली आहे. मूसा प्रजातीत तिचे स्थान नेहमीच अवघडलेले होते, कारण पिले न फुटणे, एकदाच फुलणे व मोठ्या बिया ही तिची लक्षणे इतर केळींशी जुळत नव्हती. त्रिनिदाद येथे केळींवर दीर्घकाळ संशोधन केलेल्या ई. ई. चीझमन यांनी १९४७ मध्ये एन्सेट ही प्रजाती पुन्हा प्रस्थापित केली व कवदरीला तीत घातले. मूळ गुणसूत्रसंख्येतील भेदही (एन्सेटमध्ये ९, मूसाच्या बहुतेक जातींत १० वा ११) या विभागणीला पोषक ठरला.

एन्सेट हे नाव इथिओपियातील आहे. तेथील उंच पठारांवर या प्रजातीतील दुसरी एक जाती अन्नासाठी लावतात. तिचे फळ नव्हे, तर कंद व खोट्या खोडातील पिष्ठमय भाग खाल्ला जातो. जेम्स ब्रूस या स्कॉटिश प्रवाशाने १७९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात तिची माहिती व चित्र दिले, परंतु प्रत्यक्ष वनस्पती यूरोपात पोहोचण्यास आणखी साठ वर्षे लागली. ॲबिसिनियातील ब्रिटिश वकील वॉल्टर प्लाउडन यांनी १८५३ मध्ये क्यू येथील शास्त्रीय उद्यानाकडे बिया पाठविल्या आणि त्यांतून वाढलेली झाडे पादपगृहात फुलली.

तोवर इंग्लंडमध्ये केळीचे वेड पसरले होते. डार्बिशरमधील चॅट्सवर्थ येथे ड्यूक ऑफ डेव्हनशर यांच्या बागेचे प्रमुख जोसेफ पॅक्स्टन यांनी मॉरिशसहून आलेली एक ठेंगणी केळ पादपगृहात वाढविली. ती १८३५ मध्ये फुलली. ड्यूकच्या घराण्याच्या नावावरून तिला कॅव्हेंडिश म्हणू लागले. महाराष्ट्रात बसराई म्हणून परिचित असलेली ठेंगणी केळ याच गटातील आहे. म्हणजे उमरावाच्या पादपगृहातील कौतुकाची वस्तू व खानदेशातील शेतकऱ्याचे नगदी पीक ही एकाच घरातली. पॅक्स्टन यांच्या हाताखालील जॉन गिब्सन यांना १८३५ मध्ये वनस्पती गोळा करण्यासाठी भारतात पाठविण्यात आले. पुढे लंडनच्या बॅटरसी पार्कचे काम त्यांच्याकडे आले, तेव्हा १८६० नंतरच्या दशकात त्यांनी उन्हाळ्यापुरत्या उष्ण कटिबंधीय वनस्पती उघड्यावर मांडण्याची प्रथा रूढ केली. मोठ्या पानांच्या एन्सेट केळीला या मांडणीत मानाचे स्थान मिळाले. विल्यम रॉबिन्सन यांनी १८७१ मध्ये या उद्यानपद्धतीवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. प्रत्येक शरद ऋतूत ही झाडे उपटून काचेच्या छपराखाली न्यावी लागत. कोळसा व मजूर स्वस्त होते तोवर हे चालले.

पुढे इंधन महागले व लहान बागांचे दिवस आले, तेव्हा निराळ्या युक्त्या शोधाव्या लागल्या. त्यांतील मुख्य दोन आहेत. पहिली, झाड जागच्या जागी झाकणे. चीनमधून आलेली व जपानी बागांत फार पूर्वीपासून असलेली मूसा बासजू ही केळ यासाठी सर्वांत योग्य ठरली. (जपानी कवी बाशो यांनी आपल्या झोपडीजवळच्या केळीवरूनच हे टोपणनाव घेतले होते.) पानांना पहिला तुषार लागला की ती कापतात, खोडाभोवती जाळीचे कडे करून त्यात गवताचा पेंढा दाबून भरतात, वरून पाणी आत जाणार नाही असे झाकण घालतात आणि बुडाशी पालापाचोळ्याचा जाड थर देतात. खोड मेले तरी जमिनीतील मूलक्षोड जिवंत राहते व वसंतात त्यातून पिले येतात. एन्सेटला पिलेच फुटत नसल्याने खोडाचा गाभा मेला की सर्व संपले. म्हणून तिच्यासाठी दुसरी युक्ती वापरतात. तुषार पडण्यापूर्वी झाड मुळासकट काढतात, मधली सुरळी ठेवून बाकीची पाने छाटतात, आवरकांत साठलेले पाणी निथळावे म्हणून काही दिवस ते उलटे ठेवतात आणि नंतर तुषारमुक्त, कोरड्या तळघरात सु. ५ ते १० अंश से. तापमानात ठेवून देतात. या काळात पाणी देत नाहीत. वसंतात कुंडीत लावून ऊब दिली की ते पुन्हा वाढू लागते.

ही दुसरी रीत म्हणजे कवदरीच्या वार्षिक क्रमाची नक्कलच होय. कातळाच्या फटीत पाणी ठरत नाही, पाने आपण होऊन झडतात, कंद कोरडा राहतो व पाऊस येताच जागा होतो. थंड देशांतील हौशी बागवान आता कवदरीचे कंद हिवाळ्यात कुंडीतच कोरडे ठेवतात आणि आफ्रिकी एन्सेटपेक्षा ती सांभाळण्यास सोपी असल्याचे त्यांना आढळते. मात्र कंद गोठला तर तोही मरतो. सुप्तावस्था म्हणजे तुषारसहिष्णुता नव्हे.

माथेरानमध्ये ही केळ शोभेची म्हणून पुढे का आली नाही, याचे कारण त्या गावाच्या घडणीत आहे असे वाटते. ठाण्याचे जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट मे १८५० मध्ये चौकच्या बाजूने डोंगरावर चढले आणि त्यानंतर तेथे बंगले उभे राहू लागले. लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या काळात वस्ती वाढली; १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने नेरळहून छोट्या रुळांची आगगाडी सुरू केली. येथील हंगाम पावसाळ्यानंतरचा व मुख्यतः उन्हाळ्याचा. मुसळधार पावसाच्या महिन्यांत बंगले बंद करून मंडळी खाली उतरत. बंगलेवाल्याने एप्रिलमध्ये कवदर पाहिली असेल ती कातळावरचा वाळका गड्डा म्हणून. तिच्या भर वैभवाच्या वेळी डोंगरावर धुके असे आणि तो मुंबईस. माथेरानच्या वनस्पतींची दखल मात्र लवकर घेतली गेली : जे. वाय. स्मिथ यांचे या डोंगरावरील पुस्तक १८७१ मध्ये निघाले आणि एच. एम. बर्डवुड यांची वनस्पतींची सूची मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकाच्या आरंभीच्या अंकांत (१८८६) आली.

डोंगर उतारांवरील ठाकूर व कातकरी लोकांची कवदरीशी ओळख याहून जुनी व जवळची आहे. तिच्या कोवळ्या गाभ्याची व फुलोऱ्याची भाजी करतात, पाने पत्रावळीसारखी वापरतात. गौरी-गणपतीच्या दिवसांत ती बाजारात विक्रीस येतात. बियांचा उपयोग मुतखड्यावरील घरगुती औषधात होतो. पाने तोडल्याने झाड दुबळे होते, पण बहुधा जगते. गाभा वा फुलोरा काढला की ते संपते आणि पिले नसल्याने त्या जागी दुसरे येत नाही. लागवडीच्या केळीचे केळफूल काढण्याशी याची तुलना करणे चूक आहे. पूर्वी मागणी आसपासच्या वाड्यांपुरती होती. शहरी बाजारासाठी एका उतारावरील फुलावर आलेली सर्व झाडे एकाच हंगामात तोडली, तर तेथे बी पडण्याचेच थांबते. माथेरान व परिसर २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाला. त्याने बांधकामावर बंधने आली, परंतु रानभाजीच्या टोपलीत काय जाते याची मोजदाद अशा अधिसूचनेने होत नाही. तोडीवर सरसकट बंदी घालणे हा उपाय प्रस्तुत लेखकास योग्य वाटत नाही, कारण त्याचा भार ज्यांच्या हातांत सर्वांत कमी आहे त्यांच्यावर पडेल. बियांपासून रोपे करून ती वाड्यांच्या बांधांवर व बागांत लावणे अधिक शहाणपणाचे आहे.

खानदेशातील केळी-उत्पादकांचा हिवाळी अनुभव येथे मर्यादितच उपयोगी पडतो. थंडीच्या लाटेत ते रात्री पाणी देतात, बांधावर पालापाचोळा जाळून धूर करतात, वाऱ्याच्या बाजूस शेवरी लावतात. बागेची वाढ चालू ठेवणे हा त्यांचा हेतू असतो. कवदरीस हिवाळ्यात दिलेले पाणी मारक ठरते. घाटाखालच्या बागांत तिची रोपे दगावतात ती बहुधा डिसेंबर-जानेवारीत, पाने पिवळी पडलेली पाहून माळ्याने दयेपोटी दिलेल्या पाण्यामुळे. कंद कुजतो व जूनमध्ये काहीच वर येत नाही.

बी पक्व फळातून काढून गर धुऊन टाकावा व पेरण्यापूर्वी काही दिवस पाण्यात भिजवावे. उगवण मंद व अनियमित असते, म्हणून वाफा लवकर मोडू नये. खडी व जांभ्याचा चुरा मिसळलेली, पाणी न धरणारी माती व उतरती जागा निवडावी. पहिल्या पावसाळ्यात वाऱ्यापासून आडोसा द्यावा, कारण मोठी पाने सहज फाटतात. पाने वाळू लागताच पाणी पूर्णपणे बंद करावे आणि वाळलेली पाने कंदाभोवती तशीच पडू द्यावीत. पुन्हा पाणी द्यायचे ते सुरळी दिसल्यावर. कोकणात ते काम बहुधा पाऊसच करतो.