एक ‘गोड’ चूक

‘गो’चा भूतकाळ विचारला की वर्गातला एखादा तरी विद्यार्थी ‘गोड’ असे उत्तर देतो. गो अधिक एड! वर्ग हसतो, आपण लाल रेघ मारतो. पण त्याने केले काय? ‘प्ले-प्लेड’, ‘ओपन-ओपन्ड’ यांतून स्वतः नियम शोधला आणि नव्या ठिकाणी लावून पाहिला. आपली लहान मुले ‘मी केलं’ऐवजी ‘मी करलं’ म्हणतात, तेही असेच.

या चुकीला मोठा इतिहास आहे. सुमारे १२०० वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत भूतकाळ करण्याच्या दोन मुख्य रीती होत्या. काही क्रियापदांतला आतला स्वर बदलत असे. आजच्या ‘सिंग-सँग’मध्ये ती रीत दिसते. इतरांना शेवटी प्रत्यय लागे. आजचा ‘एड’ हा त्याचाच वंशज. ‘हेल्प’ तेव्हा पहिल्या गटात होते. १६११ सालच्या इंग्रजी बायबलातही त्याचे ‘होल्पन’ हे रूप आढळते. ‘लाफ’ आणि ‘क्लाइंब’ हीदेखील पूर्वी याच गटातली. ‘हेल्प्ड’ म्हणणाऱ्या पहिल्या मुलालाही कदाचित कोणी हसले असेल!

मग ‘वेंट’ का टिकले? खरे तर ते मुळात ‘गो’चे रूपच नव्हे. ‘सेंड-सेंट’सारखा तो ‘वेंड’ या क्रियापदाचा भूतकाळ. ‘गो’ने तो उसना घेतला आणि परत केलाच नाही. पण तो टिकण्याचे कारण वेगळे आहे.

२००७ साली एरेझ लीबरमन आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक गणिती अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदे घेतली. मध्ययुगीन इंग्रजीत त्यांतली १४५ अनियमित राहिली होती, आज ९८ आहेत. किरणोत्सारी मूलद्रव्यांप्रमाणे या क्रियापदांचेही अर्धायुष्य काढता येते, आणि ते वापराच्या प्रमाणाच्या वर्गमूळानुसार बदलते. म्हणजे १०० पट कमी वापरले जाणारे क्रियापद १० पट वेगाने नियमित होते.

कारण सोपे आहे. रोज कानावर पडणारे रूप प्रत्येक पिढीच्या तोंडी आपोआप बसते. क्वचित ऐकलेले रूप आठवत नाही, मग माणूस नियमाचा आधार घेतो. मराठीतही पाहा: ‘जा-गेला’, ‘ये-आला’, ‘कर-केला’ ही सारी रोजच्या वापरातलीच क्रियापदे. अर्थात भाषेत उलटेही घडते. इंग्रजीत ‘डिग’चे जुने ‘डिग्ड’ जाऊन ‘डग’ आले.

वर्गात हे करून पाहता येईल. पाठ्यपुस्तकातल्या एका धड्यातली भूतकाळी रूपे मुलांना मोजायला सांगा. पुन्हापुन्हा येणारी रूपे कोणती? त्यांत अनियमित किती?

‘गोड’ हे उत्तर चूकच आहे. ते दुरुस्त करायलाच हवे. पण त्याआधी एवढे विचारू या: “हे उत्तर तू कसे काढलेस?”