उद्‌जन पिणारे धातू

कल्याण सोडून गाडी कसाऱ्याच्या बाजूला वळली की पहिले स्टेशन लागते शहाड. इथला रेयॉनचा कारखाना १९५० नंतरच्या दशकात सुरू झाला. रेयॉनच्या धाग्याला कॉस्टिक सोडा लागतो, आणि तो होतो साध्या मिठापासून. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की सोडा मिळतो, क्लोरीन मिळतो आणि न मागता तिसरी वस्तू मिळते: हायड्रोजन, म्हणजे आपल्या जुन्या पाठ्यपुस्तकांतला उद्‌जन. चाळीस किलो सोड्यामागे एक किलो उद्‌जन, हे प्रमाण ठरलेले.

आता हा एक किलो ठेवायचा कशात? मोकळा सोडला तर तो एक लहानशी खोली भरून टाकील. म्हणून दीडशे वातावरणांच्या दाबाने तो पोलादी नळकांड्यात कोंबतात. नळकांडे माणसाएवढ्या वजनाचे, आणि आत वायू जेमतेम अर्धा किलो! शिवाय हा पाहुणा घरभेद्या आहे. त्याचे अणू इतके बारीक की ते पोलादात शिरतात आणि त्याला ठिसूळ करतात. लोखंड आम्लात बुडवले की ते काही काळ कडकन मोडते, हे जॉन्सन नावाच्या इंग्रज संशोधकाने १८७५ साली दाखवून दिले. म्हणून अशा नळकांड्यांचे पोलाद फार पारखून घ्यावे लागते.

पण धातूत शिरण्याची ही खोड नेहमीच वाईट, असे मात्र नाही. त्याच्या नऊ वर्षे आधी, १८६६ मध्ये, लंडनच्या सरकारी टांकसाळीचे प्रमुख टॉमस ग्रॅहम यांना आढळले की पॅलेडियम हा धातू स्वतःच्या आकारमानाच्या कित्येक शेपट उद्‌जन पिऊन टाकतो. ग्रॅहमना वाटले, उद्‌जन हाही एक धातूच असावा. त्यांनी उद्‌जन भरलेल्या पॅलेडियमची पदकेसुद्धा पाडली. टांकसाळीचा माणूस, दुसरे काय करणार! त्यांचा तर्क चुकला, निरीक्षण खरे ठरले. मात्र पॅलेडियम पडला मौल्यवान धातू. कोठीची कणगी कोणी चांदीची करीत नाही.

पुढची गोष्ट शंभर वर्षांनंतरची, आणि तीही अपघाताची. हॉलंडमध्ये आइंडहोव्हेन येथे फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत समारियम-कोबाल्टच्या चुंबकांवर काम चालले होते. उद्‌जन लागला की या चुंबकांचे गुण बदलतात, हे १९६९ च्या सुमारास ध्यानात आले. चुंबक वायू पीत होता! मग तिथल्याच मंडळींनी लॅन्थनमचा एक भाग आणि निकेलचे पाच भाग, अणूंच्या हिशेबाने, घेऊन मिश्रधातू केला. हा खोलीच्या उष्णतेला, आपल्या प्रेशर कुकरच्या आसपासच्या दाबाला उद्‌जन पितो, आणि थोडी ऊब दिली की परत देतो. दीड-दोन बादल्या भुकटीत आपला तो किलोभर वायू मावतो. नळी फुटली तरी सगळा वायू एकदम उसळत नाही; बाहेर पडता पडता भुकटी गार होते आणि आपणच हात आखडते.

यातले निकेल वनस्पती तुपाच्या कारखानदारांना जुने परिचित आहे. तेलात उद्‌जन मुरवायला तेच लागते. लॅन्थनम मात्र आपल्याकडे मिळतो केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत. ती वाळू शुद्ध करण्याचा कारखाना आलवाये येथे १९५२ मध्ये उघडला. तिच्यातल्या थोरियमसाठी दुसरा कारखाना १९५५ मध्ये ठाण्याच्या खाडीच्या मुखाशी, तुर्भ्याला निघाला.

इतके असून मोटारी या भुकटीवर धावू लागल्या नाहीत, याचे कारण वजन. किलोभर उद्‌जनासाठी सत्तर किलो धातू वाहायचा, म्हणजे पोलादी नळकांड्यापेक्षा ओझे फारसे हलके नाही; जागा वाचली आणि दाब गेला इतकेच. त्याच जातीचे मिश्रधातू पुन्हा भरता येणाऱ्या निकेलच्या विद्युतघटांत शिरले, आणि १९९७ साली जपानात निघालेल्या टोयोटा प्रियसमध्ये असेच घट होते. जर्मनीने तर पाणबुडीत उद्‌जन अशा धातूंच्या टाक्यांत भरला. पाणबुडीला बुडायला वजन हवेच असते.