मराठी ख्रिस्ती घर आणि त्याची आई

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाचा इतिहास बहुधा मिशनरी कधी आले, चर्च कधी बांधले गेले आणि कोणत्या विद्वानाने कोणत्या साली बाप्तिस्मा घेतला, अशा क्रमाने सांगितला जातो, आणि या क्रमात स्त्री आलीच तर ती धर्मांतरिताची पत्नी म्हणून येते. बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत प्रवेश देणारा जलसंस्कार, एका सकाळी पार पडतो. परंतु त्यानंतर घरात काय शिजवायचे, कोणाच्या हातचे पाणी प्यायचे, मुलाचे नाव काय ठेवायचे, कपाळावरचे कुंकू राहू द्यायचे की पुसायचे, संध्याकाळी दिवा लावल्यावर मुलांकडून काय म्हणवून घ्यायचे, हे प्रश्न वर्षानुवर्षे रोज उभे राहतात आणि त्यांची उत्तरे बहुतेक घरांत आईलाच द्यावी लागली. हा धर्म मराठी मुलखात रुजला आणि रुजूनही मराठी राहिला, याचे श्रेय व्यासपीठावरच्या उपदेशकांपेक्षा या आयांकडे अधिक जाते.

ही गोष्ट फार पूर्वी ओळखली ती घरातली जुनी वळणे मोडू पाहणाऱ्या धर्मसत्तेने. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धेतील विचलनाची चौकशी करून शिक्षा देणारे धर्मन्यायालय, काम करीत होते. त्याने १७३६ मध्ये काढलेल्या जाहीरनाम्यात तेथील देशी ख्रिस्ती कुटुंबांना मनाई केलेल्या गोष्टींची लांबलचक यादी आहे, आणि तीत अंगणात तुळस लावणे, लग्नात हळद लावणे, त्या प्रसंगी ओव्या गाणे, मीठ न घालता भात शिजवणे, बायकांनी चोळी घालणे असे प्रकार येतात. धर्मतत्त्वांशी यांतल्या एकाही गोष्टीचा थेट संबंध नाही, आणि बहुतेक गोष्टी घरातल्या बाईच्या हाताखालच्या आहेत. त्या कुटुंबांपैकी अनेकांचा बाप्तिस्मा होऊन तोवर पाच-सहा पिढ्या उलटल्या होत्या. तरीही मनाईचा हुकूम काढावा लागला, यावरूनच आई आणि आजीने जपलेले किती टिकून होते हे कळते. त्याच गोव्यात शंभराहून अधिक वर्षे आधी, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स या जेझुइट धर्मगुरूने ‘ख्रिस्तपुराण’ छापून वेगळा मार्ग दाखवला होता. पुराणे ऐकण्याची सवय असलेल्या लोकांना नव्या श्रद्धेची कथाही त्याच वळणाने मिळावी म्हणून त्याने ती मराठी ओवीत रचली, म्हणजे जात्यावरची ओवी ऐकत वाढलेल्या कानांना ओळखीच्या वाटणाऱ्या छंदात. बंदीपेक्षा हा मार्ग अधिक शहाणपणाचा होता, आणि पुढच्या इतिहासाने तसेच ठरवले.

वसईत परिस्थिती निराळी होती. १५३४ च्या तहाने हा प्रदेश पोर्तुगिजांकडे गेला आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तो जिंकून घेतल्यावर युरोपीय धर्मगुरू निघून गेले. मागे राहिलेली ख्रिस्ती वस्ती थोड्या देशी पाद्र्यांच्या आधाराने टिकली. चर्चमधील मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचे अर्पण करणारी मुख्य उपासना, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२–६५) लॅटिनमध्येच होत असे, त्यामुळे श्रद्धा आपल्या बोलीत भेटण्याची जागा घर हीच होती. सामवेदी वा वाडवळी बोलणाऱ्या घरांत संध्याकाळी सगळ्यांना जमवून रोझरी म्हणण्याचा, म्हणजे पवित्र मरियेच्या प्रार्थना जपमाळेच्या मण्यांवर मोजत म्हणण्याचा, परिपाठ आई किंवा आजी सांभाळी, आणि लग्नाच्या दिवसांत बायका बोलीतली जी गाणी म्हणत त्यांत ख्रिस्ती संतांची नावे आणि शेतावाडीचे शब्द शेजारीशेजारी बसत.

देशावरचा प्रॉटेस्टंट समाज यानंतर पुष्कळ काळाने उभा राहिला, आणि त्याच्या घरांविषयीची लिखित साधने अधिक असल्यामुळे आईची भूमिका तेथे जवळून पाहता येते. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ मध्ये अहमदनगर हे मिशनचे ठाणे झाले. १८२७ मध्ये आलेल्या सिंथिया फॅरार या अविवाहित शिक्षिकेने आधी मुंबईत आणि मग नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुले यांनी तिच्या शाळेची पाहणी केली होती. मुलींना शिकवण्यामागे मिशनचा हिशेब उघड होता. नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला आणि बायको जुन्याच वळणात राहिली तर मुले आईकडेच ओढली जातात, हे मिशनरींना लवकर कळले होते, म्हणून शाळेबरोबरच त्यांनी घरोघर जाऊन बायकांना वाचून दाखवणाऱ्या पगारी स्त्रिया, ज्यांना बायबल वूमन म्हणत, नेमल्या. या हिशेबात मिशनचा स्वार्थ होता हे खरे असले, तरी त्यातून अक्षरओळख झालेल्या मराठी आयांची पहिली पिढी निर्माण झाली हेही तितकेच खरे आहे.

नगरच्या आरंभीच्या ब्राह्मण धर्मांतरितांपैकी हरिपंत खिस्ती यांच्या पत्नी राधाबाई यांचे आयुष्य त्यांची मुलगी कृपाबाई सत्यनाथन (जन्म १८६२, नगर) हिने आपल्या ‘सगुणा’ या आत्मचरित्रात्मक इंग्रजी कादंबरीत रंगवले आहे. नवऱ्याचा निर्णय कळल्यावर बायकोला बसलेला हादरा, आपल्या माणसांपासून तुटल्याची भावना आणि मग हळूहळू, कोणत्याही एका क्षणी नव्हे, तर घर चालवता चालवताच तिने नव्या जगाशी केलेली जुळवणी ही त्या पुस्तकातली सर्वांत जिवंत पाने आहेत. ‘सगुणा’ १८८७–८८ मध्ये मद्रासच्या एका मासिकात क्रमशः आली. धर्मांतराचा निर्णय घेणाऱ्या पुरुषांची आत्मवृत्ते पुष्कळ झाली, पण तो निर्णय ज्या बाईवर येऊन कोसळला तिची बाजू मुलीने मांडावी, हे तोवर घडले नव्हते.

या बाईला कायद्याचाही फारसा आधार नव्हता. १८५० च्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क अबाधित राखला, तर १८६६ च्या धर्मांतरित विवाहविच्छेद कायद्याने, जोडीदार केवळ धर्मांतरामुळे नांदायला नकार देत असेल तर धर्मांतरिताला विवाह मोडून घेण्याची वाट दिली. दोन्ही कायदे धर्म बदलणाऱ्याच्या सोयीचे होते. मागे राहिलेल्या पत्नीच्या मुलांचे काय, हा प्रश्न मूल बापाच्या धर्माचे या सर्वमान्य समजुतीवर सोडलेला होता. त्यामुळे नवऱ्याचा बाप्तिस्मा म्हणजे आपले मूलही जाणार, ही भीती कोणत्याही आईला खरी वाटावी अशीच होती.

लक्ष्मीबाई टिळक या भीतीतून गेल्या. १८६८ मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या या मुलीच्या माहेरी सोवळ्याचा अतिरेक होता. वडिलांना विटाळाचे इतके भय की बाजारातून आलेल्या वस्तूही धुऊन घ्याव्या लागत. १८८० मध्ये कवी नारायण वामन टिळक यांच्याशी तिचे लग्न झाले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरची चार-पाच वर्षे लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन नवऱ्यापासून दूर, बराच काळ पंढरपूरला आप्तांच्या आश्रयाने, राहिल्या. पुढे त्या नगरला परतल्या तेव्हाही चूल वेगळी आणि पाणी वेगळे, अशा अटीवर. ख्रिस्ती नवऱ्याच्या गावात ब्राह्मण बाईचे सोवळे त्यांनी चालू ठेवले. येथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. त्यांचा बदल ख्रिस्ताच्या देवत्वावर विचार करून सुरू झाला नाही. माणसामाणसांतला विटाळ देवाने केलेला नाही, तो माणसांनी केलेला आहे, हे त्यांना आधी पटले, आणि ते पटताच त्यांनी दुसऱ्यांच्या हातचे अन्नपाणी घेतले. श्रद्धा त्यानंतर आली आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. टिळक ग्रंथ वाचून, वाद घालून, स्वप्ने पाहून ख्रिस्ताकडे आले होते, तर लक्ष्मीबाई स्वयंपाकघरातून आल्या. या दोन वाटांपैकी दुसरी वाट कमी प्रतीची मानण्याची सवय चर्चच्या इतिहासकारांना आहे, आणि ती सोडली पाहिजे, कारण जातीचा प्रश्न त्या वाटेवर टाळता येत नाही. वाद जिंकून धर्म स्वीकारणाऱ्या कित्येक पुरुषांनी ख्रिस्ती झाल्यावरही जातीचा अभिमान बाळगला. पाण्याचा तांब्या हातात घेऊन निर्णय करणाऱ्या बाईला तशी सवड नव्हती.

त्यांचे पुढचे घर हे मराठी ख्रिस्ती कौटुंबिक जीवनाचे सर्वांत तपशीलवार नोंदलेले उदाहरण आहे. टिळकांच्या हातात पैसा ठरत नसे, दारी आलेल्याला ते असेल ते देऊन टाकीत, आणि दुष्काळाच्या व प्लेगच्या वर्षांत घरी विद्यार्थी व निराधार मुले येत राहत. त्या सगळ्यांच्या जेवणाची, आजारपणाची आणि भांडणांची जबाबदारी लक्ष्मीबाईंवर असे. दत्तूबरोबर तारा ही मुलगीही त्यांनी आपली म्हणून वाढवली. ज्याला प्रॉटेस्टंट मंडळीत कौटुंबिक उपासना म्हणतात, म्हणजे घरच्यांनी एकत्र बसून बायबलचे वाचन, प्रार्थना आणि गायन करणे, ती या घरात टिळकांच्या स्वतःच्या पदांनी होई. त्यांनी अभंग, ओवी, पद अशा देशी छंदांत रचलेली स्तोत्रे ‘उपासना संगीत’ या मंडळीच्या गीतसंग्रहात गेली आणि मराठी चर्चमध्ये आजही गायिली जातात. ती स्तोत्रे अवघड तालमीशिवाय बायकांमुलांच्या तोंडी बसली, हे त्यांच्या टिकण्याचे मुख्य कारण आहे.

टिळक १९१९ मध्ये वारले. त्यांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे लिहून पुरे केले, आणि त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध होऊ लागले. १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्यानंतर चौथा भाग मुलगा देवदत्त, म्हणजे दत्तू, याने लिहिला. शाळेचे शिक्षण जवळजवळ नसलेल्या या बाईचे गद्य मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत गणले जाते ते त्यातल्या विनोदामुळे आणि खरेपणामुळे, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु एका आईने आपली श्रद्धा उपदेशाच्या भाषेत न मांडता घरातल्या घटनांतून मांडल्याचे हे मराठीतले सर्वांत मोठे साधन आहे, या दृष्टीने ते फार थोड्यांनी वाचले आहे.

पंडिता रमाबाईंचे मातृत्व वेगळ्या तऱ्हेने कसोटीला लागले. १८८२ मध्ये विधवा झालेल्या रमाबाईंनी पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे लहान मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. रमाबाई शिक्षणासाठी चेल्टनहॅमला असताना मुलगी वाँटेजच्या मठात धर्मभगिनींकडे वाढत होती, आणि तिला काय शिकवायचे यावरून रमाबाई व त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांच्यात मतभेद झाले. १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केलेल्या पत्रसंग्रहात ते वाचता येतात. आपल्या मुलीने इंग्रज मुलगी होऊ नये, आपल्या देशाची लाज बाळगू नये, आणि तिच्या धार्मिक शिक्षणात आईचे मत चालावे, हा रमाबाईंचा आग्रह होता. स्वतः त्या आजन्म शाकाहारी राहिल्या, अंडे घातलेला पदार्थही घेत नसत, आणि सिस्टरना हा जातीचा जुना अहंकार वाटे. रमाबाईंना तो तसा वाटत नव्हता, आणि त्यांचेच बरोबर होते: ख्रिस्त स्वीकारणे आणि इंग्रजांचे ताट स्वीकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एका आईने मुलीच्या संगोपनाच्या निमित्ताने इंग्लंडमध्येच ठणकावून सांगितले. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे भाषांतर हाती घेतले, तेही प्रचलित भाषांतरातली संस्कृतप्रचुर भाषा सामान्य बाईला कळत नाही म्हणून. १९२१ मध्ये मनोरमा गेली, १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई. त्यांचे बायबल नंतर सदनाच्याच छापखान्यातून बाहेर पडले.

वरच्या तिन्ही आया ब्राह्मण घरांतल्या होत्या आणि लिहित्या हातांच्या जवळ होत्या, म्हणून त्या दिसतात. नगर आणि जालना भागातले बहुसंख्य मराठी ख्रिस्ती महार आणि मांग समाजांतून आले, आणि त्यांच्या आया मिशनच्या अहवालांत संख्येच्या रूपाने येतात. त्यांच्या आयुष्याची एक झलक मिशनच्या ‘ज्ञानोदय’ पत्रात १८५५ मध्ये छापलेल्या निबंधात मिळते. तो फुल्यांच्या शाळेतील चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे हिचा होता, आणि डोक्यावर छप्पर नसताना थंडीपावसात बाळंत होणाऱ्या आपल्या समाजातल्या बायकांचे हाल त्यात सांगितले होते. मुक्ता ख्रिस्ती नव्हती. पण तिने ज्या बायकांविषयी लिहिले त्यांच्याच लेकीसुनांनी पुढच्या दशकांत खेड्यांतल्या प्रार्थनामंडळ्या भरवल्या, भजने पाठ केली आणि मुलांना शब्बाथशाळेत, म्हणजे रविवारच्या धार्मिक शिक्षणाच्या वर्गात, धाडले. नाताळला दिवाळीच्या फराळासारख्या करंज्या-लाडू करणारी, मुलाचे नाव योहान आणि मुलीचे शांता ठेवणारी, लग्नात मंगळसूत्र राखणारी घरे त्यांनीच घडवली.

या बायकांच्या तोंडची गाणी, प्रार्थना आणि संसाराच्या हकिकती आजही नगर, जालना आणि वसईच्या जुन्या घरांत वृद्ध स्त्रियांच्या आठवणीत आहेत, आणि हाताने उतरवलेल्या भजनांच्या वह्या पेट्यांत पडून आहेत. चर्चच्या मंडळींनी, स्थानिक महाविद्यालयांच्या मराठी आणि इतिहास विभागांनी आणि त्या घरांतल्या नातवंडांनी ही गाणी ध्वनिमुद्रित करावीत, वह्या सुरक्षित ठेवाव्यात आणि सांगणाऱ्या बाईचे नाव, गाव आणि माहेर त्यांवर नोंदवावे. सांगणाऱ्या पिढीतल्या बहुतेकींनी आता ऐंशी ओलांडली आहे.